प्रपंचाबाहेरचा उपदेशक : जॉर्ज बोवेन यांचे चरित्र आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील कुटुंब

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना आपल्या अभ्यासकांनी साधारणतः दोन गोष्टींकडे लक्ष पुरविले आहे. कोश, व्याकरण, भाषांतर आणि नियतकालिके यांच्या द्वारा मिशनरी मंडळींनी मराठी गद्याच्या घडणीला लावलेला हातभार ही त्यांतील पहिली, आणि बाबा पदमनजींपासून ना. वा. टिळकांपर्यंतच्या धर्मांतरित लेखकांची स्वतंत्र निर्मिती ही दुसरी. या दोहोंच्या मधली एक जागा मात्र बहुधा मोकळी राहिली आहे. ती म्हणजे उपदेशकाचे घर. उपदेशक कोणत्या घरात राहत होता, त्या घरात त्याच्याबरोबर कोण होते, त्याने कोणाला मागे सोडले आणि ज्यांना सोडले त्यांच्याशी तो कोणत्या भाषेत बोलत राहिला, हे प्रश्न चरित्रकाराचे म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकाने बाजूला ठेवावेत असा आपल्याकडे संकेत आहे. हा संकेत थोडा वेळ दूर ठेवल्यास काय हाती लागते, हे एका चरित्राच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वऱ्हाडातील वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये रचलेल्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात अकोटच्या नरसिंग महाराजांची भेट वर्णिली आहे. शेगावचे गजानन महाराज हे घरदार नसलेले, विदेही वृत्तीचे. नरसिंग महाराज हे कोतशा अलींचे शिष्य आणि प्रपंचात राहिलेले. अकोटजवळच्या रानात हे दोघे बंधुभावाने भेटतात आणि योगाचा मार्ग व प्रपंचातून जाणारा भक्तीचा मार्ग यांविषयी बोलतात. विरक्त मोठा की प्रपंची, या वादाचा निकाल लावण्यापेक्षा दोघांनी एकमेकांना 'भाऊ' म्हणणे या प्रसंगात महत्त्वाचे ठरते. मराठी धर्मजीवनाला उपदेशकाकडे पाहण्याची ही दृष्टी सवयीची होती. ज्याला एकोणिसाव्या शतकातील मराठी माणूस रस्त्यावर उभा राहून ऐकत असे त्या पाद्रीकडेही तो याच दृष्टीने पाहणार, हे उघड आहे. पाद्री प्रपंची की विरागी? बंगल्यात राहणारा साहेब की माधुकरी मागणाऱ्यासारखा कोणी साधू? हा प्रश्न ज्यांनी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर आयुष्यभर जगून दाखविले, असे मुंबईतील जॉर्ज बोवेन हे पहिल्या पिढीतील मेथॉडिस्ट उपदेशकांपैकी एक होत.

२

बोवेन यांचा जन्म ३० एप्रिल १८१६ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात मिडलबरी येथे झाला. वडील व्यापारी होते आणि कुटुंब पुढे न्यूयॉर्क येथे स्थायिक झाले. मुलाने पेढीवर बसावे ही वडिलांची अपेक्षा होती. मुलाचे मन मात्र भाषांत, संगीतात आणि साहित्यात रमले. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, जर्मन या भाषा त्यांनी हौसेने आत्मसात केल्या, ऑपेराचा नाद केला, लेखक होण्याची स्वप्ने पाहिली. गिबनच्या रोमविषयक इतिहासाच्या वाचनाने त्यांची धर्मश्रद्धा पार नाहीशी झाली होती. पुढे कुटुंबासह त्यांनी यूरोपचा दीर्घ प्रवास केला. वडिलांचा पैसा, फुरसत आणि अविश्वास या तिहींच्या आधारे जगणारा सुशिक्षित तरुण, असे त्यांचे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंतचे चित्र दिसते. भविष्यातील रस्त्यावरच्या उपदेशकाची यात कोणतीही खूण नाही.

या चित्राला कलाटणी मिळाली ती एका होऊ घातलेल्या संसाराच्या नाशातून. एमा मॉरिस या तरुणीवर त्यांचे प्रेम जडले होते. ती श्रद्धाळू ख्रिस्ती होती; बोवेन अश्रद्ध. १८४४ च्या आरंभी क्षयाने तिचा मृत्यू झाला. जाताना तिने आपले बायबल बोवेन यांना देऊ केले आणि ते त्यांनी रोज वाचावे अशी इच्छा व्यक्त केली. बोवेन यांनी ते वाचण्यास आरंभ केला, परंतु तो श्रद्धेने नव्हे, केवळ प्रेमाखातर दिलेला शब्द पाळण्यासाठी. हा क्रम चालू असतानाच एका ग्रंथालयातून, मागविलेल्या पुस्तकाऐवजी चुकून पेली या लेखकाचे 'नॅचरल थिऑलॉजी' हे पुस्तक त्यांच्या हाती आले. ते परत न करता त्यांनी चाळले आणि त्यातील युक्तिवादाने ईश्वराच्या अस्तित्वाविषयीची त्यांची शंका ढिली झाली. काही आठवड्यांतच त्यांचे मन पालटले. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले. १८४७ मध्ये तेथील शिक्षण संपवून अमेरिकन बोर्डाचे मिशनरी या नात्याने ते हिंदुस्थानास निघाले आणि जानेवारी १८४८ मध्ये मुंबईस पोहोचले.

चरित्रलेखक या दोन घटनांपैकी चुकून आलेल्या पुस्तकाच्या घटनेवर अधिक भर देतात, कारण तीत दैवी योजनेचा हात दाखविणे सोपे जाते. आमच्या मते एमाचे बायबल अधिक महत्त्वाचे आहे. जे घर वसायचे होते ते वसले नाही. त्याच्या जागी एक ग्रंथ आला, आणि तो रोज वाचण्याचा नेम आला. बोवेन यांच्या पुढील चाळीस वर्षांच्या लेखनाचा सारा साचा या नेमात आधीच आहे. एका दिवसाला एक वचन, त्यावर चिंतन, आणि पुन्हा दुसरा दिवस. 'डेली मेडिटेशन्स' (१८६५) या त्यांच्या सर्वांत अधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकाची रचना नेमकी अशीच आहे. पुढे त्यांनी लग्न केले नाही. एका मृत तरुणीला दिलेला शब्द हे जणू त्यांचे घर झाले, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती थोडीच होईल.

३

मुंबईत आल्यावर वर्ष-दीड वर्षाच्या आतच, १८४९ मध्ये, बोवेन यांनी मिशनचे वेतन घेणे सोडले. या निर्णयाचा अर्थ लागण्यासाठी त्या काळच्या मिशनरी घराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ पासून आणि अहमदनगरास १८३१ पासून चालू होते. मिशनरी सहकुटुंब राहत. पत्नी मुलींची शाळा पाहत असे, धर्मांतरित बायकांना शिवणटिपण आणि वाचन शिकवीत असे. मुले वयात येताच शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविली जात. सिंथिया फॅरार यांच्यासारख्या अविवाहित शिक्षिकाही होत्या, आणि अहमदनगर येथील त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले यांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली हे प्रसिद्धच आहे. म्हणजे मिशनरी घर ही केवळ राहण्याची जागा नव्हती. ते शिक्षणाचे साधन होते, 'ख्रिस्ती कुटुंब' कसे असते याचा चालताबोलता नमुना होता. त्याला पैसा लागे, नोकर लागत, बंगला लागे.

बोवेन यांना या बंगल्याचीच अडचण वाटू लागली. उपदेशक ज्यांच्याशी बोलतो त्यांच्याहून तो इतका सुखवस्तू दिसतो की त्याच्या तोंडून निघालेली त्यागाची भाषा ऐकणाऱ्याला पटत नाही, असे त्यांचे मत झाले. त्यांनी देशी वस्तीत लहानशी जागा घेतली, शिकवणी करून पोटापुरते मिळविले आणि उरलेला सारा वेळ उपदेश व लेखन यांना दिला. पुढे मुंबईच्या ट्रॅक्ट अ‍ॅण्ड बुक सोसायटीचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले तेव्हा तिच्या पुस्तकांच्या वखारीतच त्यांनी बिऱ्हाड केले. १८५१ मध्ये निघालेल्या 'बॉम्बे गार्डियन' या साप्ताहिकाशी त्यांचा संबंध जडला आणि त्याचे संपादन त्यांनी अखेरपर्यंत केले. मुंबईत पाऊल ठेवल्यापासून मृत्यूपर्यंतच्या चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी परतले नाहीत.

ही विरक्ती सहकारी मिशनऱ्यांना सर्वस्वी मानवली असेल असे समजण्याचे कारण नाही. ज्यांना बायकामुले होती त्यांनी बोवेन यांच्यासारखे राहावे असे म्हणणे म्हणजे त्यांच्या पोरांना उपाशी ठेवण्यास सांगणे होय, हा आक्षेप अगदी सरळ आहे आणि त्याला बोवेन यांच्या जीवनात उत्तर नाही. त्यांचा त्याग त्यांना परवडला, कारण त्याची किंमत चुकविणारे दुसरे कोणी त्यांच्या घरात नव्हते. हा मुद्दा येथे नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे. पुढे टिळकांच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

अर्थात किंमत चुकविणारे कोणीच नव्हते असेही नाही. न्यूयॉर्कला आई होती, बहिणी होत्या. बोवेन त्यांना नियमाने पत्रे लिहीत. रॉबर्ट स्पीअर यांनी १९३८ मध्ये लिहिलेले त्यांचे चरित्र प्रामुख्याने अशा पत्रांच्या व रोजनिशीच्या आधारावर उभे आहे. येथे एक विलक्षण विरोध दिसतो. ज्याने घर सोडले त्याचे अंतरंग आपल्याला कळते ते घरी धाडलेल्या पत्रांतून. मुंबईच्या रस्त्यावर ते रोज मराठीत बोलले. पहाटे आणि सायंकाळी, जेथे माणसे जमतील तेथे त्यांनी उपदेश केला. पण ते बोलणे हवेत विरले. कागदावर राहिले ते घरच्यांना लिहिलेले, आणि ते इंग्रजीत.

धर्मांतरांच्या संख्येने मोजल्यास बोवेन यांचे यश नगण्य होते. ज्या माणसाची साधुवृत्ती मुंबईतील हिंदू, पारशी, मुसलमान सारेच मान्य करीत, त्याच्या उपदेशाने माणसे ख्रिस्ती का झाली नाहीत, हे कोडे त्यांच्या स्नेह्यांनाही सुटले नाही. आपल्या दृष्टीने या कोड्याचे उत्तर फारसे अवघड नसावे. मराठी श्रोत्याने त्यांना साधू म्हणून ओळखले, आणि साधूचा मान ठेवण्यासाठी आपला धर्म सोडावा लागत नाही. साधूच्या पाया पडून माणूस आपल्या घरी परत जातो. बंगल्यातल्या पाद्रीबाबाचा प्रभाव वेगळ्या मार्गाने पडे. तो शाळा देई, आश्रय देई, जातीबाहेर पडलेल्याला दुसरे घर देई. बोवेन यांच्याजवळ द्यायला घरच नव्हते.

४

१८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हे अमेरिकन मेथॉडिस्ट उपदेशक मुंबईस आले, आणि बोवेन यांच्या जीवनाचा शेवटचा टप्पा सुरू झाला. टेलर यांनी कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधाच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर उपदेश केला होता. मिशनने परदेशी पैशावर विसंबून राहू नये, जेथे मंडळी उभी राहील तेथील लोकांनीच ती पोसावी, हा त्यांचा सिद्धान्त. वीस-बावीस वर्षे एकट्याने जे तत्त्व आचरिले तेच कोणी चळवळीच्या रूपाने मांडीत आहे असे पाहून बोवेन त्यांना मिळाले यात नवल नाही. १८७२ मध्ये मुंबईत मेथॉडिस्ट मंडळीची उभारणी झाली. बोवेन तिच्या धुरीणांपैकी एक झाले आणि पुढे त्या पंथाच्या पश्चिम हिंदुस्थानातील कामाची देखरेखही त्यांच्याकडे आली. मेथॉडिस्टांची दक्षिण हिंदुस्थान परिषद १८७६ मध्ये स्थापन झाली तेव्हा बोवेन हे तिच्यातील सर्वांत आदरणीय ज्येष्ठ होते.

मेथॉडिस्ट परंपरेत उपदेशक आणि कुटुंब यांचा ताण मुळापासून आहे. जॉन वेस्ली यांच्या धर्मजीवनाचा पाया त्यांच्या आईने, सुझाना वेस्ली यांनी, घरातच घातला. पण वेस्ली यांचा स्वतःचा संसार सुखाचा झाला नाही. अमेरिकेत या पंथाचा विस्तार करणारे फ्रान्सिस अ‍ॅस्बरी जन्मभर अविवाहित राहिले आणि घोड्यावरून गावोगाव फिरणारा उपदेशक शक्यतो एकटा असावा असेच त्यांना वाटे. दुसरीकडे हा पंथ वाढतो तो मात्र घरांतून. दहा-बारा माणसांनी आठवड्याला कोणाच्या तरी घरी जमून एकमेकांच्या आत्म्याची विचारपूस करावयाची, या बैठकीला मेथॉडिस्ट परिभाषेत 'क्लास' म्हणतात. फिरता कीर्तनकार आणि एका जागी राहणारे भजनी मंडळ अशी जोडी आपल्याकडेही आहे. तिच्याशी या व्यवस्थेची तुलना करता येईल. टेलर यांच्या मुंबईतील कार्याचा आरंभ अशाच घरगुती बैठकांनी झाला. ज्याला स्वतःचे घर नव्हते तो माणूस घराघरांत भरणाऱ्या या बैठकांचा आधार झाला.

परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने या टप्प्याने एक नुकसान केले, असे म्हणावे लागते. टेलर यांना मिळालेले अनुयायी मुख्यतः इंग्रजी बोलणारे होते. यूरोपीय, अँग्लो-इंडियन, रेल्वेतील व सरकारी कचेऱ्यांतील नोकर यांतून या मंडळ्या उभ्या राहिल्या आणि रेल्वेच्या वाटेने त्या पसरत गेल्या. देशी भाषांतील मेथॉडिस्ट काम त्यानंतर जोमाला लागले. त्यामुळे मराठीत रोज बोलणारे बोवेन ज्या क्षणी एका वाढत्या संघटनेचे पुढारी झाले, त्या क्षणी त्यांचा आजूबाजूचा समाज अधिक इंग्रजी झाला. 'डेली मेडिटेशन्स', 'लव्ह रिव्हील्ड', 'द आमेन्स ऑफ ख्राइस्ट' ही ज्या लेखनावर त्यांची कीर्ती उभी आहे ती पुस्तके इंग्रजी आहेत. 'बॉम्बे गार्डियन'ही इंग्रजीच. ५ फेब्रुवारी १८८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. कुलाब्यातील बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्या नावाने उभे आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्यांच्या नावाला जागा मिळाली नाही.

५

बोवेन यांचे निधन झाले त्याच १८८८ साली बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. हा योगायोग आहे आणि त्यावर फार भार टाकू नये. तरीही ही दोन चरित्रे शेजारी ठेवली असता फरक डोळ्यांत भरतो. 'अरुणोदय'मध्ये आरंभापासून घर आहे. बेळगावचे घर, तेथील व्रतवैकल्ये, पोथ्यांचे वाचन, कासार ज्ञातीचे रीतिरिवाज, वडिलांचा धाक आणि माया. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेताना त्यांना जे तोडावे लागले ते या घराचेच धागे होते, आणि त्या तुटण्याचे दुःखच त्या गद्याला जिवंत करते. त्याआधी लिहिलेल्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कथेचा विषयही कौटुंबिकच आहे. विधवांची स्थिती तीत एका दांपत्याच्या प्रवासाच्या निमित्ताने उलगडत जाते. धर्मविचार सांगण्यासाठी बाबांनी निवडलेला रस्ता घराच्या माजघरातून जातो. सत्ताविसाव्या वर्षी ख्रिस्ती झालेल्या बोवेन यांना कोणाशी नाते तोडावे लागले नाही; घरच्यांचा धर्म तोच होता. म्हणून त्यांच्या आत्मनिवेदनात शोक आहे, नम्रता आहे, पण संघर्ष नाही. मराठी ख्रिस्ती गद्याला जो कस लागला तो संघर्षाचा.

खरी तुलना उद्भवते ती नारायण वामन टिळक यांच्याशी. टिळक मेथॉडिस्ट नव्हते. त्यांचा संबंध अमेरिकन मराठी मिशनशी, म्हणजे बोवेन ज्या मिशनतर्फे मुंबईस आले त्याच मिशनशी होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अहमदनगर येथे त्यांनी अध्यापन, उपदेश व काव्यलेखन केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगण्याचे ठरविले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न आरंभिला. बोवेन यांनी १८४९ मध्ये केलेलीच ही कृती होय. दोहोंतील कारणेही एकमेकांच्या जवळची आहेत. वेतन, बंगला व अधिकार यांनी उपदेशक आणि श्रोता यांच्यात उभी केलेली भिंत पाडणे हे दोघांचेही प्रयोजन होते. बोवेन यांचा प्रत्यक्ष प्रभाव टिळकांवर पडला असा दावा येथे करावयाचा नाही. टिळकांना संन्यासाचा आदर्श शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नव्हती. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो अशी त्यांची भावना होती.

फरक आहे तो घराचा. टिळकांच्या विरक्तीला साक्षीदार होता, आणि तो साक्षीदार लिहिता झाला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. पतीच्या धर्मांतरानंतरची ताटातूट, पंढरपूरसारख्या ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने काढलेले दिवस, पुन्हा एकत्र येणे, १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेणे, आणि मग एका उदार, विसराळू, क्षणात घरातली वस्तू उचलून दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्या माणसाबरोबर केलेला संसार, हे सारे त्यांनी सांगितले ते ज्या घरातून वस्तू गेली त्या घराच्या बाजूने. त्यागाची महती सांगणारे वाङ्मय आपल्याकडे विपुल आहे. त्यागाचा हिशेब ठेवणारे फार थोडे. तुकारामांच्या पत्नीला परंपरेने कजाग ठरविले. तिच्या बाजूचे एक अक्षरही आपल्यापर्यंत आले नाही. लक्ष्मीबाईंच्या रूपाने मराठीत प्रथमच विरागी पुरुषाची गृहिणी स्वतः बोलली, आणि तीही तक्रारीच्या नव्हे, हसण्याच्या सुरात. हे हसू इतके निर्विष आहे की त्यामागची धार पुष्कळ वाचकांच्या ध्यानात येत नाही.

बोवेन यांच्या बाबतीत हा साक्षीदार नव्हता. देशी वस्तीतील खोलीत काय शिजत होते, आजारपणात कोणी पाणी दिले, उपदेश करून रात्री परतल्यावर ते गप्प बसत की बोलत, हे सांगणारे मराठी माणूस त्यांच्या चरित्रात नाही. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते सहकाऱ्यांनी, आदराने आणि दुरून. चरित्रनायकाची थोरवी त्यामुळे अबाधित राहिली, पण तो माणूस म्हणून धूसर झाला. संतचरित्रे लिहिणाऱ्यांना ही अवस्था नवी नाही. विद्यार्थ्यांना चरित्र या वाङ्मयप्रकाराचे विवेचन करताना स्पीअर यांचे बोवेन-चरित्र आणि 'स्मृतिचित्रे' यांतील उतारे शेजारी वाचून दाखवावेत असे सुचवावेसे वाटते. श्रद्धेने केलेले वर्णन आणि सहवासातून आलेले वर्णन यांतील अंतर त्यातून जसे स्पष्ट होते तसे कोणत्याही व्याख्येने होत नाही.

टिळकांच्या घरात वाङ्मय वारशाने चालले, हीदेखील लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य टिळकांनी आरंभिले, त्यांच्या मृत्यूनंतर (१९१९) लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि पुत्र देवदत्त यांनी ते पूर्णत्वास नेले. पतीचा अपुरा ग्रंथ पत्नीने आणि तिचा मुलाने हाती घ्यावा, ही गोष्ट प्रपंच असलेल्या उपदेशकाच्या बाबतीतच संभवते. बोवेन यांचे साप्ताहिकही त्यांच्यामागे चालू राहिले. पण ते गेले दुसऱ्याच्या हाती.

६

या दुसऱ्या हाती जाण्यामुळेच विषय वऱ्हाडात येतो. बोवेन यांच्यानंतर 'बॉम्बे गार्डियन' आल्फ्रेड डायर यांनी चालविले. डायर हे सामाजिक सुधारणेचे कडवे पुरस्कर्ते होते. बोवेन यांच्या हाती जे पत्र मुख्यतः चिंतनाचे होते त्याला आता वादाचे व गाऱ्हाण्यांचे वळण लागले. याच पत्रात अकोल्याच्या जेनी फुलर यांचे हिंदुस्थानातील स्त्रियांच्या स्थितीवरील लेख आले आणि १९०० मध्ये ते 'द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पंडिता रमाबाईंनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी जेनी फुलर यांचे निधन झाले. आल्फ्रेड डायर यांच्या पत्नी हेलन डायर यांनी १९०३ मध्ये त्यांचे जे चरित्र प्रसिद्ध केले त्याच्या नावातच 'अकोला आणि मुंबई' अशी दोन गावे आहेत.

वऱ्हाडातील मिशनरी कार्याच्या आरंभीही मेथॉडिस्ट धागा आहे. विल्यम टेलर यांच्या हाकेला प्रतिसाद देऊन १८७० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या उपदेशकांपैकी अल्बर्ट नॉर्टन हे अचलपूरकडे वळले आणि सातपुड्यातील कोरकूंमध्ये त्यांनी काम केले. पुढे रमाबाईंच्या सांगण्यावरून दौंड येथे दुष्काळातील अनाथ मुलांसाठी त्यांनी आश्रम काढला. रमाबाई केडगावला मुलींची व्यवस्था पाहत होत्या, मुलांसाठी दौंड. बोवेन यांच्या खोलीपासून नॉर्टन यांच्या अनाथाश्रमापर्यंत पोहोचताना पहिल्या पिढीच्या मेथॉडिस्ट उपदेशकाची घराविषयीची कल्पना किती बदलली, हे येथे दिसते. दुष्काळाने ज्यांचे घर मोडले त्यांना घर देणे हे उपदेशापेक्षा तातडीचे काम ठरले. अकोला हे केंद्र धरून फुलर दांपत्य ज्या ख्रिश्चन अ‍ॅण्ड मिशनरी अलायन्स या मिशनमध्ये काम करीत होते, त्याचाही विस्तार पश्चिम वऱ्हाडात याच काळात झाला.

जेनी फुलर यांच्या ग्रंथाचा विषय आहे घर. बालविवाह, वैधव्य, पडदा, देवदासी, रखमाबाईंचा खटला, १८९१ चा संमतिवयाचा कायदा, हे सारे त्यात आले आहे. लेखिकेला सहानुभूती आहे, माहिती गोळा करण्याची चिकाटी आहे आणि हिंदू सुधारकांचे म्हणणे ती प्रामाणिकपणे उद्धृत करते. तरीही ग्रंथ इंग्रजी वाचकाला समोर ठेवून लिहिला आहे. ज्या घरांविषयी तो बोलतो त्या घरांतील बाईला तो वाचता येणार नव्हता. बोवेन यांच्या बाबतीत जे घडले तेच येथे वेगळ्या रीतीने घडते. रोजचा व्यवहार मराठीत, शब्द मागे राहतात ते इंग्रजीत.

याच वऱ्हाडात, अकोल्याच्या शेजारच्या बुलढाण्यास राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी त्याआधी अठरा वर्षे, १८८२ मध्ये, 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध पुण्यात छापून प्रसिद्ध केला होता. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेल्या शिक्षेच्या निमित्ताने उठलेल्या गदारोळाला ते उत्तर होते. ताराबाईंचे वडील सत्यशोधक समाजाशी संबंधित, घर मराठा, लेखिका स्वतः त्या घरात कोंडलेली. आणि भाषा अशी की वाचणाऱ्याने मध्येच पुस्तक मिटून दोन क्षण थांबावे. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये या निबंधाचे पुनर्मुद्रण केले तोपर्यंत तो विस्मृतीत गेला होता. जेनी फुलर यांनी जे बाहेरून, पुराव्यांची मांडणी करीत लिहिले, ते ताराबाईंनी आतून, संतापाने लिहिले आहे. पुनर्विवाह, पुरुषांचा दुटप्पीपणा, शास्त्रांचा सोयीस्कर अर्थ हे मुद्दे दोघींतही येतात. कोणता मुद्दा कोणी कोणत्या क्रमाने मांडला, धर्मग्रंथाला दोष कोणी दिला आणि पुरुषाला कोणी, देवाला जाब कोणी विचारला, एवढे जरी पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने कागदावर दोन रकाने आखून लिहून काढले, तरी वऱ्हाडातील घराचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे चित्र दोन बाजूंनी समोर येईल; आणि त्यांतील मराठी रकाना अधिक भरलेला निघेल असा प्रस्तुत लेखकाचा अंदाज आहे.